मुक्त संगणक-प्रणालीला हवी सहभागाची जोड

(माळशिरस येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय माळशिरसपेक्षा पुण्या-बंगळूरला अधिक शोभेल, असे आपणांपैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, ते घडविण्याची व्यासपीठे आणि त्यांच्याभोवती उभा राहणारा माणसांचा समुदाय यांचा आपल्या तालुक्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविकच आहे. परंतु थोडा विचार केल्यास ध्यानात येईल की, जन्मनोंदीच्या दाखल्यापासून शाळेच्या पटापर्यंत आपला बहुतेक कारभार आज कोणत्या ना कोणत्या संगणक-प्रणालीतून चालतो. ती प्रणाली कोणी लिहिली, तिच्यात चूक आढळली तर ती कोण दुरुस्त करणार आणि लिहिणारा निघून गेला तर मागे काय उरणार, हे प्रश्न म्हणूनच ग्रामपंचायतीच्या टेबलावरचे प्रश्न आहेत.

आपल्या अनुभवातील एक उदाहरण घेऊ. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी आपल्या कार्यालयांतून निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट वापरले जात. एका फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले परिपत्रक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की, अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मजकूर आपला, भाषा आपली, सहीही आपली. पण वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती. माझ्या पाहण्यातील एका संस्थेवर याहून कठीण प्रसंग ओढवला. तिच्या हिशेबाची प्रणाली एका लहान व्यावसायिकाने करून दिली होती. त्याने व्यवसाय बंद केला, पुढे संगणक बदलला, आणि काही वर्षांच्या नोंदी डोळ्यांसमोर असूनही नव्या प्रणालीत नेता येईनात. अखेरीस कर्मचाऱ्यांनी छापील कागद समोर ठेवून त्या पुन्हा भरल्या. त्या व्यावसायिकाने फसविले असे मुळीच नाही. प्रणालीची मूळ संहिता संस्थेच्या हाती असावी, ही अटच कोणाला सुचली नव्हती.

मुक्त स्रोत म्हणजे काय?

प्रोग्रामर ज्या भाषेत सूचना लिहितो ती लिखावट म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ संहिता होय. सामान्यतः विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही संहिता आपल्याला दिली जात नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ती खुली असते आणि सोबतच्या परवान्यानुसार कोणालाही ती वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व इतरांना देण्याची मुभा असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा या विचाराला चळवळीचे रूप आले. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. आज जगातील असंख्य सर्व्हर आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. परवान्याचे शुल्क नसले, तरी सर्व्हर, प्रशिक्षण, देखभाल आणि दुरुस्ती यांना पैसा आणि माणसे लागतातच. दुसरी गोष्ट अशी की, संहिता खुली असली म्हणून तिच्यात भरलेली माहिती खुली होत नाही. नागरिकाचा आधार क्रमांक, विद्यार्थ्याची जात वा रुग्णाचा आजार यांची गोपनीयता राखणे हे कर्तव्यच आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने त्याला कायद्याचे बळ दिले आहे. घराचा नकाशा सर्वांना दाखविला, तरी कपाटाची किल्ली आपण वाटत नाही.

मुंबईतील एक प्रयत्न

काही मुक्त प्रणाली एका विशिष्ट कामासाठी नसून इतर प्रणाली घडविण्यासाठी असतात. त्यांना व्यासपीठ म्हटले जाते. या प्रकारचे एक ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या सुमारास मुंबईत रुषभ मेहता यांनी फ्रॅपे या कंपनीचे काम सुरू केले. घरच्या फर्निचर-व्यवसायासाठी संगणकीय व्यवस्था बसविताना आलेल्या अडचणींतून व्यवसायाचे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली आकाराला आली. पुढे तिच्यातील पायाभूत भाग वेगळा करण्यात आला. तोच फ्रॅपे फ्रेमवर्क. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल प्रकारचा आहे. म्हणजे बदललेली प्रणाली दुसऱ्याला देणाऱ्याने बदललेली संहिताही द्यावी लागते. फ्रेमवर्कचा एमआयटी परवाना याहून सैल असून त्याच्या आधारे कोणालाही स्वतःची प्रणाली उभारता येते.

या व्यासपीठाचे कार्य समजून घेण्यास प्रोग्रामर असण्याची गरज नाही. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीस टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही संगणकावर आणावयाची आहे. कागदी वहीत जसे रकाने आखतो, तसे येथे रकाने ठरवावयाचे: दिनांक, वस्ती, फेऱ्या, चालकाची नोंद, पडताळणी करणाऱ्याचे पद. हे वर्णन प्रणालीला दिले की, भरावयाचा तक्ता, यादी, शोध घेण्याची सोय आणि कोणी पाहावे व कोणी बदलावे यांचे अधिकार ती बहुतांशी आपोआप तयार करते. अशा वर्णनाला तेथे डॉकटाइप म्हणतात. लॉगिन, छपाई, अधिकार यांसारखी नेहमीची कामे प्रत्येकाने नव्याने लिहावी लागत नाहीत. एकाने केलेले श्रम हजारोंच्या उपयोगी पडतात.

परंतु या प्रयत्नातून शिकण्यासारखी गोष्ट केवळ तांत्रिक नाही. संहिता खुली ठेवल्यावर ती घडविणाऱ्यांचा चरितार्थ कसा चालावा, हा प्रश्न उरतोच. येथे कंपनी प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवून देण्याचे शुल्क घेते, तर निरनिराळ्या शहरांतील आणि देशांतील भागीदार संस्था ग्राहकाकडे ती बसवून, शिकवून आपले उत्पन्न मिळवतात. त्याच वेळी वापरणारे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवतात, भाषांतरे करतात, चुका दाखवितात आणि दुरुस्त्या पाठवतात. २०२० मध्ये या वर्तुळातूनच फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिने मुक्त स्रोतात काम करणाऱ्यांना निरनिराळ्या शहरांत एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. कंपनी, भागीदार, वापरकर्ते आणि सार्वजनिक हिताची संस्था असे चार खांब उभे राहिले, तेव्हा व्यासपीठ स्थिर झाले. संहिता हा त्या व्यासपीठाचा केवळ पृष्ठभाग होय.

भागपत्र आणि ऊस

आपल्या तालुक्याला ही रीत परकी नाही. सहकारी साखर कारखानदारीचे पर्व सुरू होण्यापूर्वीच, १९३० च्या दशकात सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी माळीनगर येथे स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना उभा केला. पुढे सहकारी कारखान्यांनी या परिसराचा चेहरामोहरा बदलला. या सर्व अनुभवातून येथील शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. कारखान्याचे भागपत्र कपाटात ठेवले आणि शेतातील ऊस दुसरीकडे नेला, तर कारखाना चालत नाही. गाळपाला ऊस हवा, वार्षिक सभेला सभासद हवा आणि हिशेबावर त्याची नजर हवी.

मुक्त स्रोताचा परवाना हे असेच एक भागपत्र आहे. ते पैसे न देता मिळते, म्हणून त्यावरील ऊस कोणी घालावा याचा विसर पडतो. प्रणाली वापरणारे हजार आणि तिच्या देखभालीत लक्ष घालणारा एक, अशी स्थिती निर्माण होते. संहिता मुक्त झाली म्हणजे ती आपली झाली असे नव्हे. देखभालीतला आपला वाटा उचलू तेव्हाच ती आपली होते. आजच्या व्याख्यानात मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

एकट्यावरचा भार

हा वाटा न उचलल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. संकेतस्थळांवरील देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी ओपनएसएसएल नावाची मुक्त प्रणाली जगभर वापरली जाते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. तेव्हा असे दिसून आले की, मोठमोठ्या कंपन्या जिच्यावर विसंबून होत्या, तिच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक मनुष्य होता आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. दोषानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. शहाणपण आले, पण घाव बसल्यावर.

दुसरी घटना २०२४ ची आहे. फायली आकुंचित करणारी एक्सझेड ही लहानशी प्रणाली एक स्वयंसेवक मोबदल्याविना सांभाळीत होता. कामाच्या ओझ्याने तो थकला होता. एका अनोळखी व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि देखभालीचे अधिकार मिळाल्यावर प्रणालीत चोरवाट पेरली. त्या काळात हा सांभाळणारा मंद आहे, दुसऱ्याला जागा दे, असे टोचणारे संदेशही त्याला येत होते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच जाणवले. त्याने चिकाटीने कारण शोधले आणि मोठा अनर्थ टळला. संहिता खुली होती म्हणूनच त्याला कारण शोधता आले, हे खरे. परंतु सांभाळणारा एकटा पडला होता म्हणूनच चोराला वाट मिळाली, हेही तितकेच खरे.

भारतातही या जाणिवेतून काही पावले पडली आहेत. स्वतःच्या कामात मुक्त स्रोताचा मोठा उपयोग करणाऱ्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्याच्या विहिरीचे पाणी प्यायलो, त्या विहिरीचा गाळ काढण्यास हातभार लावावा, असाच हा विचार होय.

समाजआरतीचा धडा

समुदाय म्हणजे केवळ गर्दी नव्हे. त्याला शिस्त लागते आणि तक्रार ऐकण्याची रीत लागते. या दोहोंचा आदर्श दरवर्षी आषाढात आपल्या दारावरून जातो. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी मुक्कामी समाजआरती होते. चोपदाराने दंड उंच केला की, टाळ-मृदंग थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते.

मुक्त स्रोताच्या चांगल्या प्रकल्पात नेमके हेच होते. चूक दाखविण्याची जागा सर्वांसमोर असते, तक्रारीला क्रमांक मिळतो, उत्तर सर्वांना वाचता येते आणि पुढील आवृत्ती केव्हा निघणार हे जाहीर असते. आपल्याकडे मात्र प्रणालीतील दोष आपण चहाच्या टेबलावर सांगतो, किंवा "सर्व्हर डाऊन आहे" असे म्हणून नागरिकाला उद्या बोलावतो. टाळ वाजविला नाही, तर चोपदाराला कळणार कसे?

तक्रार नोंदविणे हेही एक कौशल्य आहे. "चालत नाही" या दोन शब्दांनी कोणालाही काही समजत नाही. कोणत्या पानावर, कोणत्या क्रमाने, काय भरल्यावर, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे चार ओळींत लिहिले की निम्मे काम होते. नागरिकाची खासगी माहिती त्यात जाऊ न देण्याची दक्षता मात्र घ्यावी. अशी नेटकी टिपणे लिहिणारा ग्रामसेवक वा शिक्षक प्रोग्रामर नसूनही त्या प्रकल्पाचा खरा भागीदार ठरतो.

शासन आणि शाळा: भागीदार कसे व्हावे?

शिक्षक बंधुभगिनींना दीक्षा हे व्यासपीठ परिचयाचे आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, ते सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड त्याच्याशी जोडले गेले. दीक्षा ज्या पायावर उभी आहे, तो सनबर्ड नावाचा मुक्त स्रोत संच एकस्टेप फाउंडेशनच्या प्रयत्नांतून घडला आणि एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. येथे ना-नफा संस्थेने पाया घातला, शासनाने तो स्वीकारला आणि निरनिराळ्या राज्यांतील शिक्षकांनी त्यावर आपापल्या भाषेतील साहित्य चढविले. एकट्या कोणाच्याही आवाक्यातील हे काम नव्हते.

या संदर्भात शेजारच्या माढा तालुक्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. डिसंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि १० लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. हा प्रयोग मुक्त स्रोताचा नव्हता. तरीही दोन बोध त्यातून घेता येतात. उपयुक्त कल्पना राजधानीतूनच निघते असे नाही, ती वर्गात उभ्या असलेल्या माणसाला सुचू शकते. आणि वाटल्याने मान कमी होत नाही.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराविषयी धोरण जाहीर करून शासकीय प्रणालींत त्याला प्राधान्य देण्याची दिशा दाखविली. धोरण कागदावरून कामात आणावयाचे, तर कोणतीही संस्था जेव्हा स्वखर्चाने प्रणाली करून घेते तेव्हा करारात चार अटी असाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. पहिली, मूळ संहिता आणि ती कशी चालवावी याचे टिपण संस्थेच्या ताब्यात यावे. दुसरी, सर्व नोंदी सर्वमान्य स्वरूपात केव्हाही बाहेर काढता याव्यात. तिसरी, मूळ व्यासपीठातील दोषाची दुरुस्ती केल्यास ती व्यासपीठाच्या सांभाळकर्त्यांकडे परत पाठवावी. चौथी, प्रणालीची जाण किमान दोघांना असावी, म्हणजे एकाची बदली झाल्याने काम ठप्प होणार नाही.

यांपैकी तिसरी अट सर्वांत दुर्लक्षित आहे. दुरुस्ती आपल्यापाशीच ठेवली की, आपली प्रत मूळ प्रवाहापासून तुटते. मूळ व्यासपीठाची नवी आवृत्ती आली की, आपले बदल पुन्हा बसवावे लागतात. दोन-तीन आवृत्त्यांनंतर तो नाद सुटतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही येईनाशा होतात. प्रत्येक तालुक्याने स्वतःची वेगळी प्रत बाळगणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ती एकाकीपणाची सुरुवात होय.

आपल्या तालुक्यापुरते

हे सर्व ऐकून, आम्ही नेमके काय करावे, असा प्रश्न आपण विचारल्यास माझे उत्तर अगदी लहान आहे. प्रारंभ पाच-सात जणांनी करावा. त्यात एखादा तंत्रस्नेही शिक्षक, एक ग्रामसेवक, एक संगणकचालक, महाविद्यालयातील दोन विद्यार्थी आणि एक पंचायत सदस्य असावा. महिन्यातून एकदा बसावे. आपण वापरतो त्या प्रणालींतील दोष नेटकेपणाने लिहून काढावेत आणि योग्य ठिकाणी पाठवावेत. शासनाच्या ज्या प्रणाली मुक्त नाहीत, त्यांच्याही बाबतीत ही टिपणे निरुपयोगी ठरत नाहीत.

दुसरे काम भाषेचे. अनेक मुक्त प्रणालींचे मराठी भाषांतर अपुरे असते किंवा ते असे असते की वाचणाऱ्याने इंग्रजीच बरे म्हणावे. गावच्या दप्तरात कोणता शब्द चालतो, हे पुण्या-मुंबईच्या प्रोग्रामरला ठाऊक नसते. किर्द, खतावणी, फेरफार, आकारणी, थकबाकी हे शब्द आपल्याजवळ आहेत. ते योग्य जागी बसविणे हे मोठ्या मोलाचे योगदान होय, आणि त्यासाठी संहितेची एक ओळही लिहावी लागत नाही.

तिसरे काम धीराने करावयाचे. मुक्त व्यासपीठावर एकच नोंदवही तयार करून पाहावी. ती शाळेच्या ग्रंथालयाची असो वा टँकरची. खासगी माहिती जिच्यात नाही, अशीच निवडावी. ती वर्षभर चालवावी. चालली तर शेजारच्या गावाला द्यावी. न चालल्यास का चालली नाही ते लिहून ठेवावे. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद पुढच्याचे वर्ष वाचविते.

मित्रहो, यंत्रे येतात आणि जुनी होतात. आज ज्या प्रणालींची नावे घेतली, त्यांपैकी काही उद्या मागे पडतील. परंतु चूक उघडपणे मांडणे, दुरुस्ती सर्वांना देणे, सांभाळणाऱ्याला एकटे न पाडणे आणि आपला वाटा न मागता उचलणे, या सवयी ज्या समाजात रुजल्या त्याला नवी प्रणाली स्वीकारणे कधीच जड जात नाही. कारखान्याचा सभासद आणि दिंडीचा वारकरी या दोन्ही नात्यांनी हा तालुका त्या सवयी ओळखतो. संगणकाच्या क्षेत्रात त्या आणण्याची सुरुवात पुढच्या महिन्याच्या एका लहानशा बैठकीने व्हावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.